नेड बॉयरला भेटायला नागपूरला

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या डिसेंबरात मी पुण्याहून नागपूरला निघाले. शाळेतल्या मैत्रिणींना वाटलं, मी विदर्भ बघायला चालले आहे. एकीने संत्री आणायला सांगितली, दुसरीने संत्र्याची बर्फी. मी भूगोल शिकवते. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा या नद्या वर्षानुवर्षं फळ्यावर निळ्या खडूने काढत आले, पण स्वतः कधी मनमाडच्या पुढे गेले नव्हते. तेव्हा बाईंना एकदा विदर्भ बघावासा वाटला, याचं कुणाला नवल वाटलं नाही.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. नागपूरला माझे वडील राहत होते, आणि माझी आई वारली हे मला त्यांना सांगायचं होतं.

वडिलांचं नाव नामदेव भोयर. पण मुंबईत ज्यांनी त्यांना ऐकलं त्यांना ते नेड बॉयर म्हणून ठाऊक. लढाईच्या काळात मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत रोज संध्याकाळी नाच चाले आणि नाचासाठी बँड लागे. स्विंग नावाचं अमेरिकन संगीत तेव्हा जोरात होतं. रजेवरचे गोरे सोल्जर, पारशी, संस्थानिकांची मुलं, सगळे त्यावर नाचायचे. दहा-बारा वाजवणाऱ्यांच्या पुढे पांढरा कोट घालून, हातात काळी क्लॅरिनेट घेऊन जो उभा राही, तो नेड बॉयर. नागपूरजवळच्या कुहीकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा कामठीच्या पलटणीच्या बँडमध्ये वाजवायला शिकला, तिथून मुंबईला पळाला, आणि कुठल्याशा मॅनेजरने पोस्टरवर भोयरचं बॉयर करून टाकलं. वडिलांना ते इतकं आवडलं की घरातसुद्धा ते स्वतःला नेडच म्हणवून घेत.

मग मुंबईत दारूबंदी आली आणि नाचाचे हॉल ओस पडले. वडील बँड घेऊन कलकत्त्याला गेले. एका सीझनपुरतं जातो म्हणाले. मी तेव्हा दुसरीत होते. ते परत आले नाहीत. आधी अधूनमधून कुणाबरोबर निरोप येत, मग तेही थांबले. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला यंत्र लावून ती दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची. त्या नोकरीवर तिने मला शिकवलं. तिने कधी तक्रार केली नाही, आणि कुंकू मात्र शेवटपर्यंत लावलं. त्याचा मला फार राग यायचा.

श्रावणात ती गेली. समाचाराला त्या बँडमधला एक म्हातारा ड्रमवाला आला. नेड बरीच वर्षं नागपुरात आहे, एका शाळेत बँड शिकवतो, आणि डिसेंबरात तिथली काही मंडळी त्याचा सत्कार करणार आहेत, हे मला त्याच्याकडून कळलं. मी घरबसल्या कळवू शकले असते. पण मला ते समोरासमोर सांगायचं होतं. ऐकताना त्यांचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं.

गाडीत मला खिडकी मिळाली. भुसावळ मागे पडलं आणि जमिनीचा रंग बदलला. काळीभोर, भेगाळलेली माती. कापसाची वेचणी चालू होती. वाकलेल्या बायकांच्या पाठीला फडक्याच्या झोळ्या बांधलेल्या, आणि स्टेशनांबाहेर बैलगाड्यांच्या रांगा, त्यावर कापूस असा रचलेला की बैल दिसू नयेत. बडनेऱ्याला एका म्हाताऱ्या बाई डब्यात चढल्या. गाठोडं पायाशी ठेवून त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "एकटीच जाऊन राहिली का वं? कोण राह्यते तिकडे तुह्यं?"

"वडील," मी म्हणाले.

"मंग बरं हाय. माहेरीच चालली म्हन की."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

नागपूर स्टेशनवर उतरले तेव्हा दुपार व्हायला आली होती, तरी हवेत पुण्यापेक्षा कितीतरी जास्त गारठा होता. सायकलरिक्षावाल्याला सीताबर्डीवरचं (तिथले लोक नुसतं 'बर्डी' म्हणतात) एखादं लॉज दाखव म्हटलं. तो हसला. "बाई, अधिवेशन चालू हाय. समदे लॉज फुल. आमदार एक येते अन् त्याच्यासंग पन्नास मानसं येते." तरीही आम्ही चार दारं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी खादीतली माणसं बाहेर खुर्च्या टाकून पान खात बसली होती आणि मॅनेजर मान हलवत होता. शेवटी मी रिक्षावाल्याला ड्रमवाल्याने सांगितलेला वडिलांचा पत्ता दिला. गांधीबागेच्या मागच्या गल्लीतली मैनाबाईंची खानावळ.

गांधीबाग म्हणजे कापडाचा ठोक बाजार. गठ्ठे लादलेल्या हातगाड्यांतून वाट काढत रिक्षा एका दुमजली घरापुढे थांबली. आत जेवणाची वेळ होती. कापडाच्या दुकानांतले मुनीम आणि नोकर पाटांवर बसून जेवत होते. तांबड्या रश्श्याचा वास नाकात बसला. आणि त्या पंगतीच्या टोकाला, एकट्यासाठी मांडलेल्या खुर्ची-टेबलावर, टाय लावलेला एक म्हातारा भात कालवत होता.

मी त्यांना लगेच ओळखलं. त्यांनीही मला ओळखलं असणार, कारण मी दिसायला आईसारखी आहे. त्यांचा हात थांबला. मी तोंड उघडण्याआधी ते उठले आणि परातीजवळ बसलेल्या बाईंना खणखणीत आवाजात म्हणाले, "मैना, या शैलाबाई. पुण्याच्या. यांचे वडील माझे जुने श्रोते होते. सत्कारासाठी आल्या असतील."

मी लहान असताना ते मला 'शैलू' म्हणत. त्यांच्या तोंडून माझ्या नावापुढे 'बाई' लागलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"बापा, एवढ्या दुरून? गाडीले कितीक तास लागले असन," असं म्हणत मैनाबाई उठल्या. पन्नाशीची, ठेंगणी, काळीसावळी बाई. "अन् उतरली कुठी? लॉज भेटलं नसन ना? मंग वरची खोली हाय. हात-पाय धू अन् जेवाले बस."

मी हात-पाय धुऊन पाटावर बसले. रात्रभराच्या प्रवासाने अंग आंबलं होतं, भूक लागली होती, आणि अनोळखी पुरुषांच्या पंगतीसमोर काय बोलायचं ते सुचेना. मैनाबाईंनी पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची तिखट आमटी) आणि भात वाढला. वर सांभार (आपली कोथिंबीर) भुरभुरली. मी जेवत असताना त्या समोर बसून राहिल्या. वडील जेवताना आई समोर अशी बसलेली मला आठवत नव्हती, कारण ते जेवायलाच घरी नसत.

दुपारी वडील म्हणाले, "चला शैलाबाई, तुम्हाला नागपूर दाखवतो." डोक्यावर त्यांनी फेल्ट हॅट चढवली. रिक्षाने आम्ही फुटाळा तलावावर गेलो. काठावर बसल्यावर त्यांनी खिशातून रीड काढली. क्लॅरिनेटच्या तोंडाशी बोरूच्या पात्यासारखी एक पातळ चीप बसवतात, ती फुंकरीने थरथरली की सूर निघतो. ती ओली राहावी म्हणून ती तोंडात धरूनच ते बोलत होते.

"तू मोठी झालीस," ते म्हणाले.

"आई गेली," मी म्हणाले.

त्यांनी रीड तोंडातून काढली. "केव्हा?"

"श्रावणात."

मी डोळे न हलवता त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. तलावापलीकडे एक धोबी कपडे वाळत टाकत होता, त्याच्याकडे ते बघत राहिले. चेहऱ्यावर काहीच झालं नाही. मग म्हणाले, "सुमतीला कान चांगला होता. एक सूर हलला तरी तिला कळायचं. पण पायात ठेका नव्हता. एकदाही माझ्या हॉलमध्ये नाचली नाही ती."

"ती दिवसभराच्या ड्यूटीवरून तिथे यायची. मला कडेवर घेऊन."

"ते खरं."

मग ते बोलतच गेले. कलकत्त्याची हॉटेलं, उन्हाळ्यात मसुरी, पांढऱ्या कोटांचे दोन जोड, महाराण्यांनी केलेल्या फर्माइशी. एका गोऱ्या कप्तानाने, लढाईवर जाण्याआधीच्या संध्याकाळी, एकच गाणं सात वेळा वाजवायला लावलं होतं. सातव्या वेळी हॉलमध्ये कुणी नाचत नव्हतं, सगळे उभे राहून ऐकत होते. सांगायची हातोटी अशी की मीसुद्धा ऐकत राहिले. मग इलेक्ट्रिक गिटारी आल्या. चार पोरं बारा माणसांचा आवाज काढायला लागली. बँड बाराचा आठ झाला, आठाचा पाच. शेवटी कलकत्त्याच्या एका मालकाने त्यांना जेवणाऱ्या लोकांमागे, पडद्याच्या आड बसून वाजवायला सांगितलं, त्या दिवशी ते क्लॅरिनेट पेटीत घालून निघाले ते थेट नागपूर. कुहीला भाऊ होता. त्याने दारात उभं केलं नाही. शेतकऱ्याच्या पोराने वाजंत्र्यासारखं तोंडाला वाद्य लावलं हे त्या घराने कधी माफ केलं नव्हतं.

"मला माझ्याच गावात पाणी विचारलं नाही कुणी," ते म्हणाले. डोळे भरून आले होते. पहिल्यांदाच.

"मुंबईला का नाही आलात? आम्ही तिथेच होतो."

ते जरा विचारात पडले. मला वाटतं, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "माझ्यावर बारा माणसांचं पोट होतं, शैलू. बँड मोडून कसा येणार?"

"पुढे पाचच राहिले होते. शेवटी कुणीच नव्हतं. आणि इकडे आम्ही दोघी होतो."

"हो," ते म्हणाले, अगदी साधेपणाने. "पण दोघींचा बँड होत नाही."

मी उठले. रिक्षात बसताना त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "मैनाला काही सांगू नकोस. मी लग्नच केलं नाही असं तिला माहीत आहे. तिला त्रास होईल."

"आणि आईला झाला तो?"

"तिला आता कसला त्रास," नेड बॉयर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मैनाबाई कुहीला निघाल्या होत्या. त्यांचा भाऊ तिथे शेती करतो, आणि नवे तांदूळ आणायचे होते. "चाल माह्यासंग, वावर पाहून येशीन," त्या म्हणाल्या. वडिलांबरोबर दिवस काढण्यापेक्षा ते बरं म्हणून मी एस.टी.त त्यांच्या शेजारी बसले.

नागपूरच्या पश्चिमेला कापूस आणि पूर्वेला धान, हे मी इतकी वर्षं शिकवत आले, पण ते डोळ्यांनी बघण्यात वेगळीच मजा होती. उमरेडचा रस्ता सोडल्यावर काळ्या रानाऐवजी बांध्या दिसू लागल्या. बांध्या म्हणजे पाणी अडवायला चारी बाजूंनी बांध घातलेले धानाचे चौकोनी तुकडे. कापणी झालेली होती. खळ्यांवर धानाचे पुंजणे (पेंढ्यांचे गोल रचलेले ढीग) उभे होते, आणि रिकाम्या बांध्यांतल्या ओलीवर लाखोळी (एक कडधान्य) हिरवी दिसत होती. मैनाबाई प्रत्येक गावाचं नाव सांगत होत्या.

त्यांनी आपलंही सांगितलं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला. सासरच्यांनी ठेवलं नाही. गांधीबागेत दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटता लाटता त्यांनी स्वतःची खानावळ उभी केली. मग एक दिवस हॅट घातलेला माणूस जेवायला आला.

"पहिले मले हासू आलं. साहेबावानी दिसे, अन् बोले माह्या गावच्या मानसावानी. कुहीचं नाव काढलं अन् रडलेच बिचारे. मंग रोज आले. मंग राह्यलेच." त्या खिडकीबाहेर बघत हसल्या. "लोकं बोलले. बोलू दे. मी म्हटलं, मले लेकरू नाही, त्याईले लेकरू नाही. दोघंही उघडेच. एकमेकाईची सावली होऊन राहू."

मला बोलायचं होतं. पण त्या इतक्या मोकळ्या चेहऱ्याने बसल्या होत्या की मी म्हटलं, आज नको. त्यांच्या भावाच्या घरी आम्ही नव्या तांदळाचा वडाभात खाल्ला. भातावर डाळीचे वडे कुस्करून वर लसणाची गरम फोडणी. येताना त्यांनी पोत्यातले शेर-दोन शेर तांदूळ काढून माझ्या पिशवीत ओतले. "माहेरहून रिकाम्या हातानं जाऊ नये," त्या म्हणाल्या. बोलण्याच्या ओघात म्हणाल्या, त्यांना काही माहीत नव्हतं.

सत्कार त्यानंतरच्या संध्याकाळी धरमपेठेत होता. धरमपेठ म्हणजे गांधीबागेहून वेगळंच नागपूर. रुंद रस्ते, बंगले, फाटकांवर वेली. एका शाळेचा हॉल घेतला होता. सत्कार ठरवणारे गृहस्थ बँकेत अधिकारी होते, देशकर त्यांचं नाव. जुन्या रेकॉर्डी जमवायचा त्यांना नाद. ते दारातच मला भेटले. "बॉयरसाहेब म्हणाले, तुम्ही खास पुण्याहून आल्या. आपल्या गावात एवढा मोठा माणूस राहून राहिला अन् कोणाला पत्ता नाही, हे काही बरोबर नाही ना. शेवटी दोन शब्द बोलाल ना तुम्ही?" मी बघते म्हणाले.

पहिल्या रांगेत मैनाबाई बसल्या होत्या. मोरपंखी रंगाचं नवं लुगडं, त्याची घडी अजून मोडली नव्हती. त्यांनी शेजारची खुर्ची माझ्यासाठी धरून ठेवली होती.

वडील पांढरा कोट घालून आले. कोट खांद्यांवर सैल झाला होता. साथीला शाळेचा बेसूर पियानो आणि पोलीस बँडातला एक ढोलवाला. ते वाईट वाजवोत अशी माझी इच्छा होती. दात गेले होते, कवळी होती, छातीत दम किती उरला असेल कुणास ठाऊक. वाजवायला लागले आणि पहिल्या दोन ओळींतच माझी आशा संपली. खालचे सूर लाकडासारखे उबदार, सावकाश. मग ठेक्याच्या किंचित मागे राहून, जणू काही घाईच नाही अशा बेताने ते वर चढत गेले, आणि वरच्या सुरावर असे थांबले की मागच्या रांगेतलं खोकणंसुद्धा बंद झालं. त्या थकलेल्या पियानोवाल्याला ते नजरेने उचलून घेत होते. आमच्या घरातून गेलं ते सगळं कुठे गेलं, ते मला समोर ऐकू येत होतं. ते चांगलं होतं. वाईट असतं तर मला सोपं गेलं असतं.

मग ते माइकपाशी आले. मुंबई, कलकत्ता, मसुरी, गोरा कप्तान, सगळं फुटाळ्यावर सांगितलं होतं तसंच, त्याच शब्दांत, त्याच जागी थांबत. शेवटी म्हणाले, "लोक मला विचारतात, नेड, संसार काहून नाही केला? मी म्हणतो, गड्याहो, सुराशी लग्न लागलं, दुसरं लावायला सवड कोणाला होती?"

लोक हसले. टाळ्या झाल्या. मैनाबाई माझ्याकडे वळून हसल्या, अभिमानाने.

देशकरांनी माझं नाव पुकारलं.

मी काय बोलायचं ते ठरवून गेले नव्हते. माइकसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "माझं नाव शैला नामदेव भोयर. हे माझे वडील आहेत. माझ्या आईचं यांच्याशी लग्न झालं होतं. ती श्रावणात वारली. त्यांनी संसार केला नाही हे खरंच आहे, तो तिने एकटीने केला."

मी वडिलांकडे बघितलं. एक क्षणभर, अगदी एकच क्षण, तिथे एक घाबरलेला म्हातारा उभा होता. मग नेड बॉयर पुढे आले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, दुसऱ्या हाताने माइक आपल्याकडे वळवला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "माझी मुलगी. आज तुमच्यासमोर आणीन असं मी मनाशी ठरवलं होतं. एका कलावंताला आयुष्यात काय काय गमवावं लागतं, ते बघा. आता हिच्या आईसाठी."

त्यांनी ढोलवाल्याला बोटाने खूण केली आणि वाजवायला सुरुवात केली. संथ, नाचता नाचता दमलेल्या माणसासारखी धून. लोक रुमाल काढू लागले. देशकरांचे डोळे वाहत होते. वडिलांनी आईचं नाव घेतलं नव्हतं, ते बहुधा कुणाच्या लक्षातही आलं नाही. धून संपली तेव्हा सगळा हॉल उभा राहिला. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि टाळ्या थांबत नव्हत्या. अखेर लोक खाली बसले तेव्हा पहिल्या रांगेतली मैनाबाईंची खुर्ची रिकामी होती.

मी गर्दीतून बाहेर आले तोवर त्या निघून गेल्या होत्या. खानावळीत पोचले तेव्हा त्यांच्या खोलीचं दार आतून बंद होतं. मी हाका मारल्या. शेवटी वरच्या खोलीत गेले.

सकाळी खाली उतरले तर चुली पेटल्या होत्या आणि मैनाबाई नेहमीसारख्या भाकरी थापत होत्या. बाहेरच्या ओसरीवर वडिलांची ट्रंक, खाट आणि क्लॅरिनेटची पेटी मांडून ठेवलेली होती. टेबल-खुर्ची पंगतीतून नाहीशी झाली होती. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"मैनाबाई, मला माफ करा."

"त्यानं लपवलं ते त्याचं झालं," त्या तव्याकडे बघत म्हणाल्या. आदराच्या 'त्याईले'चं आता 'त्यानं' झालं होतं. "मरदाची जात, लपवन. पन तू काहून लपवलं? कुहीच्या गाडीत तू माह्या बाजूले बसून होती. मी तुले माह्या मनातलं सांगून राहिली होती अन् तू आयकून राहिली होती. तवा मले सांगतली असती, तं मी तिथंच रडून मोकळी झाली असती. चार लोकाईत कायले?"

मला वडिलांना चार लोकांत उघडं पाडायचं होतं, आणि त्या वेळी पहिल्या रांगेत कोण बसलं आहे याचा मी विचार केला नव्हता. ते सांगायचं सोडून मी विचारलं,

"आता काय करणार तुम्ही?"

"काय करतो? स्वयंपाक करतो. खानावळीत येईन त्याले वाढतो. तोही येईन. आजपासून पैसे देनारा मेंबर हाय तो. बाकीच्याईसंग पाटावर बसन." त्यांनी भाकरी उलटली. ती शेकता शेकता विचारलं, "तुह्या मायचं नाव काय होतं?"

"सुमती."

"सुमती," त्या म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता ताट पुढे सरकवलं. "जेवून जाय. गाडीले टाइम हाय."

मी ताट संपवलं.

ओसरीवर वडील दाढी करून, टाय लावून खाटेवर बसले होते. गल्लीतले लोक येऊन त्यांना नमस्कार करत होते, कुणी हार आणला होता. आपलं सामान बाहेर का आलं याचा त्यांनी काय अर्थ लावला होता देव जाणे. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"काल तू काय जागा धरलीस, शैलू," ते म्हणाले. "आधी हशा, मग शांतता, आणि बरोबर त्या शांततेत तू. मी तीस वर्षं लोकांना हे शिकवत आलो, कुणाला जमलं नाही. रक्तातच असावं लागतं. देशकर म्हणत होते, पुढच्या वर्षी पुन्हा करू. तू येशील ना?"

"नाही," मी म्हणाले.

"बघ, जमलं तर," ते म्हणाले, आणि हार घेऊन आलेल्या नव्या माणसाकडे वळले. ते बोलणं त्यांनी मला दुखवायला केलं नव्हतं. ते कौतुक होतं. मुलीला देण्यासारखं त्यांच्याकडे तेवढंच होतं आणि ते त्यांनी मनापासून दिलं. मी रिक्षात बसेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही.

परतीच्या गाडीत गर्दी होती. वर्ध्यापर्यंत उभी होते, मग जागा मिळाली. शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, वडिलांना भेटून आले. बरे आहेत का? बरे आहेत.

वडील पुढे वर्षा-दीड वर्षाने गेले. देशकरांनी कळवलं, शोकसभेला या म्हणाले. मी गेले नाही. मैनाबाईंना मी दोनदा पुण्याला बोलावलं, त्यांच्याकडून काही उत्तर आलं नाही, आणि यायला हवं होतं असंही मला वाटत नाही. नागपूर कसं आहे, असं कुणी विचारलं तर मी काळी माती सांगते, धानाच्या बांध्या सांगते, पाटोडीचा रस्सा सांगते. वडिलांबद्दल विचारलं तर फार सुंदर वाजवायचे म्हणून सांगते, कारण ते खरं आहे. एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत असताना मला माइकजवळून पहिली रांग स्पष्ट दिसत होती. नव्या लुगड्यातली ती ठेंगणी बाई खाली वाकून, खुर्चीखाली काढून ठेवलेली चप्पल पायाने चाचपडत शोधत होती. एक सापडली होती. दुसरी सापडत नव्हती, आणि तिला तिथून लवकर निघायचं होतं.